पन्नास तास आणि एक खोटी सही

मंडळी, दोन महिन्यांपूर्वी एका मित्राकडे पॉटलक होतं. नेहमीप्रमाणे बेसमेंटमध्ये पुरुषमंडळींचा अड्डा जमला होता, वरून पावभाजीचा वास येत होता आणि टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेट चालू होतं. एक गृहस्थ फार खुशीत होते. त्यांच्या चिरंजीवांची रोड टेस्ट पुढच्या आठवड्यात होती आणि 'ते पन्नास तासांचं झंझट' त्यांनी आदल्या रात्री अर्ध्या तासात उरकलं होतं. कसं? डायनिंग टेबलावर बसून, तीन पेनं घेऊन. कुणी मागितलीच तर दाखवायला वही तयार! एक दिवस निळी शाई, एक दिवस काळी, मधेच एखाद्या तारखेसमोर 'पाऊस' असा शेरा. रात्रीचे दहा तास त्यांनी सलग दहा शुक्रवारी टाकले होते. त्यातल्या एका शुक्रवारी सगळं कुटुंब क्रूझवर होतं हे बायकोनं लक्षात आणून दिल्यावर तेवढा खोडून शनिवार केला.

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन कपडे बदलताना मात्र ते हसणं घशात अडकलं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आमच्या न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलचे सहा तास करून पर्मिट मिळतं, सतराव्या वर्षी लायसन्स, तेही आधी वर्षभर प्रोबेशनरी. शिकणाऱ्याच्या शेजारी बसणारा माणूस किमान एकवीस वर्षांचा आणि निदान तीन वर्षं लायसन्स असलेला हवा. १ फेब्रुवारी २०२५ पासून त्यात भर पडली. एकवीस वर्षांखालच्या मुलांनी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली पन्नास तास गाडी चालवायची, त्यातले दहा तास रात्री, आणि ते झाल्याची ग्वाही सही करून द्यायची. म्हणजे बघा, सरकारनं शिकवणीही आपल्यावर सोपवली आणि सुपरवायझरही आपल्यालाच नेमलं. आपण पहिल्याच पेपरला कॉपी केली!

ज्या घरात पोरानं गणिताच्या गृहपाठातली दोन उदाहरणं मित्राची उतरवली म्हणून तीन दिवस अबोला धरला जातो, त्याच घरातली ही गोष्ट आहे.

आता त्या गृहस्थांना नावं ठेवायचा अधिकार मला आहे का? नाही. मी त्यांच्यापेक्षा पुढचा. त्यांनी खोटे का होईना, तास भरले. मी माझ्या लेकीला ना खरे तास दिले ना खोटे. वर पाच वर्षं गावभर सांगत फिरलो, "आमच्या हिला ड्रायव्हिंगमध्ये इंटरेस्टच नाही हो!"

हे वाक्य तुम्हीही म्हटलं असेल. 'आजकालच्या मुलांना कशातच रस नाही', 'उबर आहे ना', 'फोनमधून डोकं वर काढतील तर रस्ता दिसेल ना'. आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाच्या मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत कान देऊन ऐका. कॉलेज संपवून घरी परतलेली, एकवीस-बावीस-तेवीस वर्षांची, नोकरी करणारी किंवा शोधणारी आणि गाडी न येणारी मुलं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांची चेष्टा होते, तीही त्यांच्यादेखत. माझं म्हणणं सरळ आहे. ही मुलं आळशी नाहीत. आपण त्यांना शिकवलेलं नाही, आणि आता ती शिकली नाहीत म्हणून आपणच हसतोय.

माझ्या घरचंच सांगतो. थोरलीला २०१९ मध्ये पर्मिट मिळालं. ड्रायव्हिंग स्कूलचे सहा तास झाल्यावर "आता पुढचं मी बघतो" असं मी छाती फुगवून जाहीर केलं. रविवारी सकाळी साडेसातला, एका बंद पडलेल्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आमचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी तिनं गाडी ताशी आठ मैलांवर नेली आणि माझा उजवा पाय शेजारच्या सीटसमोरच्या कार्पेटवर, नसलेल्या ब्रेकवर दाबून दाबून दुखायला लागला. दुसऱ्या रविवारी मी "ब्रेक!" एवढा एकच शब्द वेगवेगळ्या पट्ट्यांत म्हटला. तिसऱ्या रविवारी आम्ही रस्त्यावर आलो. एका चौकातल्या स्टॉप साइनला ती थांबली, पण पांढऱ्या रेघेच्या दोन फूट पुढे. समोरून कुत्रं घेऊन एक बाई येत होत्या, चांगल्या लांब होत्या. मी ओरडलो, "मारशील एखादीला!"

ती काही बोलली नाही. सिग्नल दिला, गाडी बाजूला घेतली, पार्कमध्ये टाकली, आरसा बघून मागून कुणी येत नाही ना याची खात्री केली आणि उतरली. वळसा घालून माझ्या बाजूचं दार उघडून उभी राहिली, मी उठेपर्यंत. हे सगळं तिनं किती नीट केलं होतं ते मला सहा वर्षांनी कळलं. त्या दिवशी मला फक्त तिचा राग दिसला.

पुढे मार्च २०२० उजाडला. कोविडमध्ये मोटर व्हेइकलची कार्यालयं बंद, जुलैत उघडली तर पहाटेपासून रांगा. मला काय, आयतं कारण मिळालं. २०२१ मध्ये ती रटगर्सला गेली. तिथं एका कॅम्पसवरून दुसऱ्या कॅम्पसवर न्यायला बसेस आहेत, चार वर्षं काही अडलं नाही. पर्मिटची मुदत कधी संपली हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. मुलांचं नाव घातलं की इन्शुरन्सचा प्रीमियम कसा उडी मारतो हे ऑफिसातल्या लोकांकडून ऐकून होतो. ती शिकत नव्हती म्हणून पैसे वाचत होते. हे मी कुणाजवळ बोललो नाही, पण मनात हिशेब होताच.

आता शिकवायला निघालेल्या या गुरुजींची स्वतःची पात्रता काय? पुण्यात मी बजाज स्कूटर चालवायचो. लायसन्ससाठी आठचा आकडा काढून दाखवायचा असतो, तो मी काढला की एजंटानं, हे इथं न लिहिलेलंच बरं. १९९९ मध्ये वायटूकेच्या लाटेत इथं आलो आणि रोड टेस्टमध्ये दोनदा नापास झालो. एकदा के-टर्नला, एकदा स्टॉप साइनला. स्टॉप साइनला मी थांबलो होतो असं माझं आजही मत आहे. परीक्षकाच्या मते गाडी फक्त विचार करत होती. तिसऱ्यांदा पास झालो तो एका मित्रामुळे. त्यानं आपल्या जुन्या कोरोलात मला शेजारी बसून महिनोन्‌महिने शिकवलं, एकदाही आवाज चढवला नाही, आणि मोबदल्यात काय घेतलं तर ओक ट्री रोडवरचा एक मसाला डोसा. त्याची गाडी, त्याचा इन्शुरन्स, त्याचा जीव! एका परक्या माणसानं माझ्यासाठी जे केलं ते मी पोटच्या पोरीसाठी तीन रविवारांपलीकडे केलं नाही.

आणि आपण मुलींच्या स्वातंत्र्याच्या गप्पा मारतो तेव्हा मला माझी बहीण आठवते. १९८८ मध्ये ती लूनावर बसून कॉलेजात जायची. आमच्या वडिलांनी तिला चालवायला शिकवलं ते एका संध्याकाळी, समोरच्या मैदानात. दोनदा पडली, गुडघे फोडून घेतले, हळद लावली, तिसऱ्या दिवशी लकडी पुलावरून एकटी. त्याआधी तिच्याकडे पीएमटीचा पास होता. वडील जुन्या वळणाचे होते, सातच्या आत घरात हा नियम होता, पण सातपर्यंत ती कुठे जाते याला त्यांची गाडी लागत नव्हती. तिला कुणी 'सोडत' नव्हतं. तीच आपण माणसं अमेरिकेत आलो, मुलींसाठी मोठमोठी स्वप्नं पाहिली, चांगल्या शाळांच्या गावी घर घेतलं. आणि त्या गावात बस नाही, फुटपाथ आहे तो सोसायटीच्या दारापर्यंत, आणि ट्रेन न्यूयॉर्कला जाते पण शेजारच्या गावाला जात नाही. इथं पीएमटीचा पास आणि लूना म्हणजे लायसन्सच. ते हातात नसेल तर आपल्या मुलीला तिच्या आत्यापेक्षा कमी मोकळीक आहे. पस्तीस-चाळीस वर्षांनी, सात समुद्र ओलांडून!

तुम्ही म्हणाल, पण आपण सोडतो ना. हवं तिथं, हवं तेव्हा. तेच तर मला आज लिहायचंय.

गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात लेक पदवीधर झाली आणि घरी राहायला आली. आमची आनंदाला सीमा नाही. जूनच्या पहिल्या सोमवारी तिची नोकरी सुरू झाली, घरापासून नऊ मैलांवर. रोज सकाळी सात चाळीसला मी तिला सोडायला निघायचो, संध्याकाळी आणायला. जाताना पंचवीस मिनिटं, येताना पंचवीस मिनिटं. मला हे फार आवडायचं. वाटेत गाणी, गप्पा, कधी कॉफी. चार लोकांत मी ते मोठ्या कौतुकानं सांगायचो. गणपतीत एकांकडे आरतीला गेलो होतो, तिथंही सांगितलं, "रोज लेकीला सोडतो, तेवढाच बापलेकीचा वेळ." बायकांनी "किती गोड!" म्हटलं. माझी बायको मोदकांकडे बघत गप्प.

परतताना गाडी तीच चालवत होती. रूट वनवर आल्यावर म्हणाली, "तिला आधी दुसरी ऑफर होती, माहितीये तुला?"

मला माहिती नव्हतं. लेकीला एका लॅबमधली जागा मिळाली होती. तिच्या विषयातली, पगार जास्त, प्रोजेक्ट तिच्या आवडीचा. पण ती जागा होती बावीस मैलांवर, आमच्या घराच्या भलत्याच दिशेला, जिथं ट्रेन नाही, बस नाही. बाबा रोज येऊन जाऊन चार वेळा तेवढं अंतर मारणार नाही, आणि त्याला विचारायचं म्हणजे पुन्हा ते सगळं आलं. म्हणून तिनं परस्पर नाही कळवलं आणि नऊ मैलांवरची घेतली. आईला सांगितलं, मला सांगू नको म्हणाली.

मी विचारलं, "मग तू तरी मला का नाही सांगितलंस?"

बायको म्हणाली, "कारण तू म्हणाला असतास, मी सोडीन."

इथं मला थोडं मागे जाऊन बायकोचं सांगायला हवं. ती जानेवारी २००१ मध्ये एडिसनला आली, एच-फोर व्हिसावर. त्या व्हिसावर तेव्हा काम करता येत नव्हतं. काही जणींना तशी परवानगी मिळायला २०१५ साल उजाडावं लागलं. पुण्यात बँकेत नोकरी करणारी, कायनेटिक होंडा चालवणारी बाई दुसऱ्या मजल्यावरच्या वन बेडरूममध्ये दोन हिवाळे खिडकीत बसून होती. लायब्ररी एक मैलावर, पण बर्फात तिथवर चालायला फुटपाथ नाही. दूध संपलं तरी नवरा घरी यायची वाट बघायची. मी रोज संध्याकाळी विचारायचो, "कुठं जायचंय? सांग, मी नेतो." मला वाटायचं मी किती चांगला नवरा आहे! शिकवायचं मात्र 'पुढच्या वीकएंडला', कारण गाडी एकच, नवी, आणि तिला काही झालं तर?

तिला शिकवलं शेजारच्या नागपूरच्या वहिनींनी, स्वतःच्या कॅमरीत. सहा आठवडे, दुपारच्या वेळी, त्यांचं बाळ मागे कारसीटमध्ये झोपलेलं. वहिनींची शिकवण्याची पद्धत एकच होती. काहीही झालं तरी म्हणायच्या, "घाबरतेस काय बाप्पा, हळूच घे." २००२ च्या शरदात बायकोला लायसन्स मिळालं. पहिल्या दिवशी ती एकटीच लायब्ररीत गेली आणि तीन तास परत आली नाही. मी ऑफिसातून फोनवर फोन. ती पुस्तकांच्या रॅकमध्ये जमिनीवर बसून वाचत होती. मी नंतर चिडलो, तेव्हा ती म्हणाली होती की पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणाच्या घड्याळाकडे बघावं लागलं नाही. ते वाक्य मी विसरलो होतो. त्या रात्री रूट वनवर तिनं मला ते पुन्हा ऐकवलं. आणि पुढे म्हणाली, "तू माझं जे केलंस तेच आता तिचं करतोयस. तिला तू घरातल्या घरात एच-फोर करून ठेवलंयस."

मंडळी, अमेरिकेत राहून पंचवीस वर्षं झाली, ग्रीनकार्ड झालं, सिटिझनशिप झाली, पण एवढं झोंबणारं वाक्य कुठल्याही इमिग्रेशन ऑफिसरनं मला ऐकवलं नव्हतं.

रात्री झोप येईना म्हणून मी हिशेब मांडला. (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार!) दिवसाची पन्नास मिनिटं. जूनच्या पहिल्या सोमवारपासून गणपतीपर्यंत कामाचे साधारण साठ दिवस. साठ गुणिले पन्नास म्हणजे तीन हजार मिनिटं, म्हणजे बरोबर पन्नास तास. तिनं एकवीस ओलांडलेली, त्यामुळे तिला ही पन्नास तासांची अट नाही. मोठ्यांना पर्मिट काढून तीन महिने सरावाचे घालवावे लागतात, एवढंच. ते तीन महिनेही त्यात आले. म्हणजे सगळं माझ्या हातात होतं. वेगळा रविवार नको, वेगळी गाडी नको, वेगळं पेट्रोल नको. फक्त रोज सकाळी सात चाळीसला ड्राइव्हवेत आम्ही दोघांनी सीट बदलायच्या होत्या. ज्याला मी बापलेकीचा वेळ म्हणत होतो तो मला माझ्या जागेवरून उठायचं नव्हतं म्हणून होता.

आता आक्षेप. ते येणारच, आपण मराठी माणसं आहोत.

पहिला आक्षेप भीतीचा, आणि तो खोटा नाही. या देशात किशोरवयीन मुलांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत मोटार अपघात आहेत. आपल्या समाजातही असा फोन आलेली घरं आहेत. त्यांच्या दुःखाबद्दल लिहायची माझी लायकी नाही. पण भीतीचा उपाय काय करतो आपण? मुलाला शेजारच्या सीटवर ठेवतो आणि मग एक दिवस, त्याला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली की, आठवड्याभरात घाईघाईनं शिकवून, वापरलेली गाडी देऊन एकट्याला हायवेवर सोडून देतो. सगळ्यात जास्त धोका असतो तो लायसन्स मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, एकट्यानं चालवताना. शेजारी जाणता माणूस बसलेला असतो तेव्हा तो सगळ्यात कमी असतो. म्हणूनच जगभर हे तास वाढवण्याकडे कल आहे. ज्यांना भीती वाटते त्यांनी पन्नासाचे शंभर करावेत. तीन रंगांच्या शाईनं भीती जात नाही. ज्या दहा रात्री पोरगं गाडीत बसलंच नाही, त्यातली एखादी रात्र पुढे पावसात, समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर येत असताना खरी उभी राहते आणि तेव्हा शेजारच्या सीटवर आपण नसतो.

दुसरा आक्षेप, 'आता स्वतः चालणाऱ्या गाड्या येणार'. येऊ देत, आनंद आहे. आपल्या गावात त्या येईपर्यंत मुलीनं ऑफिसला कसं जायचं ते सांगा. उबर म्हणाल तर दोन वेळचं उबर, महिन्याचे बावीस दिवस, पहिल्या नोकरीच्या पगारात बसवून बघा. प्रीमियमचं दुखणं मी वर कबूल केलंच आहे. एजंटला विचारा, बऱ्याच कंपन्या चांगल्या ग्रेड्सवर सवलत देतात. आपल्या पोरांच्या ए ग्रेड्सचा निदान एक रोकडा उपयोग!

तिसरं, 'वेळ कुठंय?' हे मी ऐकूनच घेणार नाही. माझी लेक सहा वर्षं रविवारच्या मराठी शाळेत गेली. वर्षाला तीस रविवार, जाऊन येऊन चाळीस मिनिटं. एकशेवीस तास झाले, नुसत्या प्रवासाचे! त्याशिवाय कुमॉन, व्हायोलिन, स्पेलिंग बी, सॅटचे क्लास, अरंगेत्रम. हे सगळं आपण केलं, हौसेनं केलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या कौशल्याशिवाय या गावात दूध आणता येत नाही त्यालाच नेमका वेळ नाही?

आणि एक गोष्ट जी बेसमेंटमध्ये कुणी बोलत नाही. मुलाला सोळाव्या वाढदिवशी पर्मिट, सतराव्याला वापरलेली सिव्हिक. मुलीला 'काय घाई आहे, बाबा आहे ना'. माझ्या धाकट्याचं पर्मिट मी त्याच्या सोळाव्या वाढदिवसाच्या आठवड्यात काढून आणलं आणि स्वतःहून चालवायला घेऊन गेलो. थोरली एकदा सहज म्हणाली, "बाबा, तू त्याच्यावर ओरडत नाहीस." मी म्हटलं, मी आता शांत झालोय, वय झालं. ती हसली. तिचं ते हसणं तिच्या आजीसारखं आहे, उत्तर न देता निकाल देणारं.

तर सप्टेंबरात तिनं पुन्हा लेखी परीक्षा दिली, पन्नास प्रश्न, चाळीस बरोबर हवेत, तिचे एकोणपन्नास आले. शिकवायला कुणी बसायचं हा निर्णय तिनंच घेतला. आई. मला पहिले तीन आठवडे गाडीत प्रवेश नव्हता. नंतर मागच्या सीटवर बसायची परवानगी मिळाली, अट एकच, फक्त 'छान' म्हणायचं. मी म्हणायचो. पहिल्यांदा ती रूट वनवर डावीकडे वळायला म्हणून उजवीकडच्या जगहँडलमध्ये शिरली, तेव्हा मागून येणारा ट्रक बघून मी डोळे मिटून 'छान' म्हटलं. (डावीकडे जायचं तर आधी उजवीकडे बाहेर पडा, हा शोध न्यू जर्सीवाल्यांनी लावला. पेट्रोल स्वतः भरायला १९४९ पासून बंदी, तीही इथंच. इथं वाढलेली मुलं पेनसिल्व्हेनियात गेली की पंपावर नळी हातात धरून बावरून उभी राहतात. तेही शिकवा बरं का.) आई शेजारी बसून म्हणत होती, "घाबरतेस काय बाप्पा, हळूच घे." चोवीस वर्षांपूर्वीचा नागपुरी मंत्र, पुणेरी तोंडून.

डिसेंबरात ती पहिल्याच झटक्यात पास झाली. मी दोनदा नापास झालेलो असल्यामुळे या विषयावर आता घरात मला बोलू देत नाहीत. ती बावीस मैलांवरची जागा केव्हाच भरली. तिनं एकदा त्यांच्या साइटवर जाऊन पाहिलं, एवढं मला माहीत आहे.

यंदाच्या कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. आपण मंडळातर्फे टॅक्स प्लॅनिंगवर व्याख्यान ठेवतो, कॉलेज ॲडमिशनवर ठेवतो, योगासनं ठेवतो. महिन्यातून एक रविवार सकाळचा ड्रायव्हिंगसाठी ठेवा. ज्यांच्या घरी बाप ओरडतो त्यांच्या मुलांना दुसऱ्याचा बाप किंवा दुसऱ्याची आई शेजारी बसायला मिळेल. परक्या पोरावर आपण तितकं ओरडत नाही, हा माझा अनुभव आहे. इन्शुरन्सचं आणि जागेच्या परवानगीचं बघावं लागेल. आपल्यात वकील आणि एजंट दोन्ही भरपूर आहेत, त्यांनी ढोकळा खाता खाता सांगावं. वयाची अट नको. अजूनही काही घरांत पन्नाशीच्या वहिनी आहेत ज्यांना नवरा 'सोडतो'. त्यांनीही यावं. नवऱ्याला घरी ठेवून आल्या तर उत्तम.

पहिलं नाव माझं लिहा. नागपूरच्या वहिनी आता टेक्ससला असतात, नाहीतर त्यांचंच लिहिलं असतं.

धाकट्याच्या वहीत आज सकाळपर्यंत एकतीस तास झाले आहेत, त्यातले चार रात्रीचे. एकच पेन, सगळे खरे, एका ठिकाणी त्याच्या अक्षरात 'बाबा ओरडला' असा शेराही आहे, तो मी खोडलेला नाही. बाहेर अंधार पडलाय, पाऊस सुरू झालाय आणि तो किल्ली वाजवत दारात उभा आहे. निघतो.